वाखाणणीचा गुन्हा

१९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्यात एक चमत्कारिक तरतूद होती. दारू गाळणे, विकणे, बाळगणे आणि पिणे हे गुन्हे त्यात होतेच, आणि ते असणार हे उघड होते. परंतु मादक पेयाची वाखाणणी करणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरविला होता. म्हणजे ज्याने आयुष्यात थेंब चाखला नाही, ज्याच्या घरात रिकामी बाटलीसुद्धा सापडायची नाही, अशा माणसाने अमुक एक मद्य उत्तम असते असे चारचौघांत नुसते म्हटले, तरी तो कायद्याच्या कक्षेत येत होता. फ्राम नसरवानजी बलसारा या गृहस्थांनी त्या कायद्याला आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्या जोडीला ओ-द-कोलोन बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्कही त्यांनी मागितला होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. मात्र न्यायमूर्ती फझल अली यांनी दिलेल्या त्या निकालात वाखाणणीला गुन्हा ठरविणारा भाग भाषणस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्दबातल झाला. विधिमहाविद्यालयात आम्ही तो निकाल वाचला तेव्हा इतर मोठ्या मुद्द्यांच्या गर्दीत हा मुद्दा आम्हांला किरकोळ वाटला होता, थोडासा हास्यास्पदही. पंचेचाळिशीत तो आमच्याकडे परत आला, आणि या खेपेस हसू आले नाही.

निमित्त झाले ते एका पक्षकाराचे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणारे हे साठीचे गृहस्थ. खानापूर तालुक्यातील बहिणीच्या जमिनीचा एक जुना तंटा घेऊन ते बेळगावास आमच्याकडे आले होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला. फी चुकती करून झाल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढून आमच्या टेबलावर ठेवली. घरची काजूची फेणी. आम्ही त्यांना म्हटले की आम्ही पीत नाही. आणि त्याहून अडचणीची गोष्ट अशी की चोर्ला घाट चढून परवान्यावाचून ही बाटली इकडे आली त्या क्षणी ती भेटवस्तू राहिली नाही, ती मुद्देमाल झाली. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, २०१६ साली गोवा सरकारने फेणीला राज्याच्या वारशाचे पेय ठरविले. आणि त्याच बाटलीची ओळख एका तपासणी नाक्यापलीकडे अशी बदलते. गृहस्थांना यातील कायद्याचा भाग फारसा पटला नाही. पिण्याचा भाग मात्र त्यांनी ताबडतोब मान्य केला. बूच काढून ते म्हणाले, “पियेवंक नाका जाल्यार पियेनाकात. पूण वास तरी घेवन पळयात.”

आम्ही वास घेतला. बाटली त्यांच्याच पिशवीत परत गेली. चैत्रात भट्टी पाहायला येण्याचे निमंत्रण मात्र आम्ही स्वीकारले.

काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणलेले. आज सत्तरीच्या डोंगरउतारावर ते असे उभे आहे की जणू परशुरामाने समुद्र हटविला तेव्हापासून ते तेथेच होते. मोसमात पहाटे उठून खाली पडलेली बोंडे वेचायची. झाडावरचे बोंड तोडायचे नाही, हा पहिला नियम. पूर्ण पिकले की ते आपणहून पडते, आणि जे आपणहून पडले तेच भट्टीला चालते. बी पिळून वेगळी काढायची. तिचे पैसे निराळे. मग खडकात कोरलेल्या कोळंबीत बोंडे पायांनी तुडवायची, चोथ्याचा ढीग रचून त्यावर दगडाचे ओझे ठेवायचे. दाबलेल्या चोथ्यातून शेवटी जो स्वच्छ, हलका रस ठिबकतो तो नीरो. त्यात नशा नसते. आम्ही त्याचे दोन पेले प्यालो, आणि बोंडाचा तो घशाला किंचित धरणारा गोडवा अजून जिभेवर आहे. उरलेला रस मोठ्या भांड्यांत सुमारे तीन दिवस आंबतो. त्यात बाहेरचे काही मिसळीत नाहीत. गूळ नाही, नवसागर नाही, विकतचे किण्व नाही. हवेत आणि फळाच्या सालीवर जे असते तेवढ्यावर काम चालते. मग भाणात उकळून वाफ थंड करायची. पहिल्या खेपेस जे उतरते ते उर्राक, सुमारे पंधरा टक्क्यांचे; ते त्या मोसमातच संपते. उर्राक पुन्हा आंबलेल्या रसात घालून दुसऱ्यांदा उकळले की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास.

हे सर्व पुस्तकातही वाचायला मिळेल. पुस्तकात मिळणार नाही ती गोष्ट अशी. आमच्यासमोर त्या गृहस्थांनी आंबलेल्या रसाच्या एका भांड्यावरचे झाकण काढले, वाकले, क्षणभर थांबले, आणि ते सगळे भांडे माडाच्या बुंध्याशी ओतायला सांगितले. आम्हांला त्यात काही वावगे जाणवले नव्हते. रस एक दिवस जास्त राहिला, त्याला शिरक्याची कड आली, असे त्यांचे म्हणणे. दोन मजुरांचा दिवस त्या मातीत गेला. गाळले असते तर विकले गेले नसते का, असे आम्ही विचारले. “विकलें आसतें. लोकांक कळचें ना,” ते म्हणाले. “पूण म्हजें नाक हांव खंय व्हरूं?”

परतताना आमच्या मनात एक लेख तयार झाला होता. न्यायालयांत आम्ही वीस वर्षे माणसे पाहत आहो. ज्याला कोणी पकडू शकणार नाही अशी चूक केवळ आपल्याला कळली म्हणून स्वतःच्या हाताने मातीत ओतणारी माणसे आम्हांला फार भेटलेली नाहीत. अशा माणसाच्या कामाची वाखाणणी करू नये तर कोणाच्या करावी? विणकराच्या पैठणीला, सताराच्या भोपळ्याला, उत्तम रुजलेल्या अत्तराला आपण दाद देतो. गाळलेल्या फळाच्या अर्कालाच ती का नाकारावी?

लेख लिहिला गेला नाही, कारण घरी काकू आहेत.

आमचे धाकटे काका दारूने गेले. १९९८ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. शाळेत इंग्रजी शिकवीत, मैफलीत पुढल्या रांगेत बसत, आणि गवयाची जागा चुकली तर नुसत्या भुवईने सांगत. त्यांच्यामागे आजीने घरातल्या मुलांकडून देवापुढे शब्द घेतला. आमचे न पिणे हे त्या शब्दाचे आहे, त्यात आमचा स्वतःचा विवेक किती हे तपासण्याची वेळच कधी आली नाही. काकू तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. शिवणकाम करून त्यांनी दोन मुली मोठ्या केल्या. हे नियतकालिक त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. भट्टीवरच्या माणसाची स्तुती छापून ती त्यांच्या हाती द्यायची, हे धैर्य म्हणावे की उर्मटपणा, याचा निर्णय आम्हांला करता येईना.

मद्याच्या जाणकारांचा एक लाडका युक्तिवाद आहे. रसिक आणि व्यसनी या दोन भिन्न जाती होत; ज्याला चव कळते तो थोडे पितो; जो ढोसतो त्याला चव कळत नाही; म्हणून रसिकता वाढवा, व्यसन आपोआप हटेल. सभ्य मंडळींत हा युक्तिवाद फार चालतो, आणि आम्हांलाही काही काळ तो पटला होता. परंतु तो खरा नाही. आमच्या काकांना चव कळत होती. त्यांची निवड चोखंदळ होती, निकृष्ट मद्याला ते हात लावीत नसत, आणि वाईट दारू पिणे म्हणजे बेसूर गाणे ऐकणे असे ते म्हणत. पहिली पाच-सहा वर्षे हे सगळे खरे होते. शेवटच्या वर्षी काय प्यावे याची निवड त्यांच्यापाशी उरली नव्हती. जे हाती येई ते ते पीत. रसिकतेने त्यांना वाचविले नाही. कदाचित त्यांना स्वतःची समजूत घालण्यास तिनेच सर्वांत जास्त मदत केली असेल. म्हणून रसिकता हे व्यसनाचे औषध आहे, या भूमिकेवरून आम्हांला वाखाणणीची बाजू मांडता येत नाही. ती बाजू मांडायचीच असेल तर दुसऱ्या कशावर तरी उभी करावी लागेल.

जुन्यांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहू गेल्यास एकवाक्यता सापडत नाही. मनुस्मृतीत सुरापान हे ब्रह्महत्येच्या पंक्तीला बसविलेले महापातक आहे. आणि त्याच ग्रंथात दुसरीकडे असेही म्हटले आहे की मांस, मद्य, मैथुन यांत दोष नाही, ती प्राण्यांची प्रवृत्तीच आहे, निवृत्तीचे फळ मात्र मोठे. कौटिल्य या वादात पडतच नाही. त्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार तो वेगळे करतो, कशात काय किती घालावे ते सांगतो, पानगृहात आसने आणि सुगंध असावेत याची तजवीज करतो, आणि तेथे गुप्तहेर बसविण्यासही विसरत नाही. सुरा आणि किण्व गोळा करण्याचे काम स्त्रियांनी व मुलांनी करावे, असे तो जाता जाता सांगून टाकतो. कौटिल्याला मद्याची गुणवत्ता हा नीतीचा नव्हे, कारभाराचा विषय वाटतो. आम्हां वकिलांना ही वृत्ती जवळची, पण काकूंच्या समोर ती घेऊन बसता येत नाही.

मराठीत तर या विषयावरचा सर्वांत मोठा खटला रंगभूमीवर चालला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याचा नायक सुधाकर हा वकील, हे आमच्या व्यवसायातल्या माणसाला विसरता येत नाही. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी पिढ्यांनी डोळे पुसले. परंतु त्याच प्रेक्षकांनी तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ यांच्यावर पोट धरून हसूनही घेतले. मद्याचा एवढा धिक्कार करणाऱ्या नाटकात सर्वांत चटकदार संवाद दारुड्याच्या तोंडी आहेत. १९४९ च्या कायद्याची ती तरतूद टिकली असती, तर एखाद्या कडक अंमलदाराने तळीरामालाही वाखाणणीबद्दल पकडले असते आणि मग सुधाकराची शोकांतिका कोणी लिहायची हा प्रश्न उरला असता.

वाखाणणीवर बंदी घातली तर निंदेचीही भाषा जाते, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. घाटावर ‘हातभट्टी’ हा शब्द उच्चारताच पोलीस, नवसागर आणि काळा गूळ आठवतात. घाटाखाली ‘भट्टी’ म्हणजे मोसमातले एक घरगुती काम. चांगले आणि वाईट असे दोन शब्द जेथे नाहीत, तेथे सर्वच वाईट. आणि सर्वच वाईट म्हटल्यावर विषाला वेगळे काढायचे कसे? २०१५ साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. २०२२ साली गुजरातेत बोटाद व आसपासच्या गावांत चाळीसहून अधिक. गुजरातेत दारूबंदी राज्याच्या स्थापनेपासून आहे, हे वडोद्याच्या वाचकांना आम्ही सांगायला नको; मुंबईत मात्र २०१५ साली परवान्याची दुकाने उघडी होती, तेव्हा दोष केवळ बंदीच्या माथी मारता येत नाही. मरणारे गरीब होते आणि स्वस्त तेच त्यांना परवडत होते, हे खरे कारण. तरीही आम्हांला त्या माडाच्या बुंध्याशी ओतलेले भांडे आठवते. ज्या धंद्याला मान आहे त्यात चुकीची लाज वाटते. ज्या धंद्याला मुळातच लाज चिकटविली आहे, त्यात आणखी कसली लाज वाटावी?

येथवर आलो की आमच्यातला वकील खूष होतो, आणि नेमके तेव्हाच महाराष्ट्रातल्या त्या मतपत्रिका डोळ्यांपुढे येतात. गावातले दारूचे दुकान ठेवायचे की बंद करायचे यावर स्त्रिया मतदान करतात. चिन्हे दोन: उभी बाटली आणि आडवी बाटली. गडचिरोली जिल्ह्यात तर लोकांच्या आंदोलनातून १९९३ पासून दारूबंदी आली. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला उभ्या बाटलीतला अर्क कोणत्या फळाचा, तो किती वेळा गाळला, याच्याशी काही कर्तव्य नसते. तिला बाटलीच्या वासाची माहिती आहे. ती आमच्यापेक्षा जास्त आहे, रात्री दार उघडताना झालेली आहे. तिच्यापुढे जाऊन आम्ही कारागिरीचे गोडवे गायले तर ते खोटे ठरणार नाहीत, परंतु अप्रस्तुत ठरतील. आणि अप्रस्तुत पुरावा न्यायालय ऐकून घेत नाही.

मग आमच्या हाती काय उरते? विचार करता करता आम्हांला आमच्याच व्यवसायातला एक भेद उपयोगी पडला. शिफारस वेगळी आणि साक्ष वेगळी. शिफारस करणारा माणूस ऐकणाऱ्याला कशाकडे तरी ढकलतो; तो म्हणतो, घे. साक्षीदार कोणाला काही घ्यायला सांगत नाही. मी अमुक दिवशी अमुक ठिकाणी होतो, अमुक पाहिले, एवढेच तो सांगतो. १९४९ च्या कायद्याने या दोहोंत फरक केला नव्हता. साक्षीदारावर मात्र एक बंधन असते, ते शिफारस करणाऱ्यावर नसते: त्याला उलटतपासणीला उभे राहावे लागते. विरुद्ध पक्षाने विचारावे आणि त्याने उत्तर द्यावे. उत्तर देता आले नाही तर तेही नोंदीत जावे. मद्याच्या जाहिरातींत आणि मेजवान्यांतल्या भाषणांत जी वाखाणणी असते, ती आम्हांला खटकते ती याच कारणाने. तेथे विरुद्ध पक्षाला बोलावलेलेच नसते. सत्तरीतल्या भट्टीवर आम्ही जे पाहिले ते सांगण्याचा हक्क आम्हांला आहे, असे आम्ही मानतो. पण तो हक्क पुरा होण्यासाठी ज्यांनी या वस्तूपायी सोसले, त्यांच्यापैकी कोणाच्या तरी प्रश्नांना ती साक्ष उभी केली पाहिजे. तशी व्यक्ती आमच्या घरात होती.

एका दुपारी काकूंचे शिवणयंत्र थांबलेले पाहून आम्ही त्यांना हा लेख येथपर्यंत वाचून दाखविला. काकांचा परिच्छेद आला तेव्हा आमचा आवाज खाली गेला. “नीट वाच,” एवढे त्या म्हणाल्या. मनुस्मृती आणि अर्थशास्त्र त्यांनी हाताने उडवून लावले. ओतून दिलेल्या रसाची हकीगत मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग काही वेळ सुईत दोरा ओवीत बसल्या.

“भला माणूस दिसतो,” त्या म्हणाल्या. “तो स्वतः पितो का?”

रोज रात्री जेवणाआधी एक लहान पेला, असे त्यांनी आम्हांला सांगितले होते, आणि आम्ही काकूंना तसेच सांगितले.

“हे त्याने सांगितले. त्याच्या बायकोने काय सांगितले?”

आम्ही गप्प राहिलो. त्या बाईंना आम्ही पाहिले होते. पहाटे आम्ही पोहोचलो तेव्हा त्या झाडाखाली वाकून बोंडे वेचीत होत्या. दिवसभर बिया पिळून त्यांची बोटे काळवंडलेली होती. नीरोचे दोन पेले आमच्या हाती त्यांनीच दिले होते. जेवायलाही त्यांनीच वाढले. आम्ही त्यांच्या पतीला कोळंबीपासून लावणीपर्यंत प्रत्येक भांड्याचे नाव विचारून टिपून घेतले. त्यांना आम्ही काहीच विचारले नव्हते.

“विचारले नाही,” आम्ही म्हटले.

“मग हे पण लिही,” काकू म्हणाल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू केले.